तांदूळ, काळा पाव आणि ‘अंबा’
बेने इस्रायलांच्या वाणसामानाची गोष्ट

स्थलांतराच्या इतिहासात आकडे असतात, करार असतात, बोटी आणि विमाने असतात. वाण्याचे दुकान मात्र त्यात क्वचितच सापडते. वास्तविक परक्या देशात पाऊल ठेवल्यावर माणसाला पहिल्या आठवड्यातच जो व्यवहार करावा लागतो, तो वाणसामान आणण्याचा. घर, नोकरी, भाषा यांना वेळ लागला तरी चालते. चूल थांबत नाही. कोकणातून आणि मुंबईतून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायल समाजाच्या बाबतीत हा व्यवहार कसा घडला, त्यात काय हरवले आणि काय अनपेक्षितपणे सापडले, हे समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे.

बेने इस्रायलांची ओळख मराठी वाचकाला नव्याने करून द्यायला नको. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर पूर्वजांचे तारू फुटले, अशी त्यांची परंपरा सांगते. पेणकर, रोहेकर, नवगावकर, किहीमकर अशी गावांवरून पडलेली आडनावे, मराठी मातृभाषा आणि तेल गाळण्याचा धंदा. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ हे नाव पडले. 1948 साली इस्रायल राष्ट्र स्थापन झाले आणि या समाजातली कुटुंबे तिकडे जाऊ लागली.

रेशन ओळखीचे, शिधा अनोळखी

ही कुटुंबे पोचली तेव्हा तो देश टंचाईत होता. स्थापनेनंतरच्या साडेतीन वर्षांत तिथली ज्यू लोकसंख्या जवळजवळ दुप्पट झाली आणि परकीय चलन तर हाताशी नव्हते. एप्रिल 1949 मध्ये पंतप्रधान बेन-गुरियन यांनी काटकसरीची राजवट जाहीर केली. हिब्रूत तिला ‘त्सेना’ म्हणतात. दोव योसेफ हे शिधावाटप आणि पुरवठा खात्याचे मंत्री झाले. प्रत्येक कुटुंबाला कुपनांची वही मिळे, नाव एका ठरावीक दुकानात नोंदवावे लागे आणि माल तिथूनच घ्यावा लागे. अंडी, साखर, तेल, मांस, सगळे मोजून. अंड्यांची पूड, दुधाची पूड आणि गोठवलेल्या परदेशी माशाचे तुकडे हे त्या काळातल्या स्वयंपाकघराचे ठरलेले जिन्नस होते. 1953 पासून बंधने सैल होत गेली, तरी ही राजवट औपचारिकपणे संपायला 1959 साल उजाडले.

आता मुंबईच्या माणसाला रेशन नवे नव्हते. मुंबईत 1943 पासून शिधावाटप सुरू होते. रांगेत उभे राहणे, कार्डावर शिक्का मारून घेणे, कमी प्रतीच्या धान्याला नावे ठेवणे हे सगळे भायखळ्याच्या किंवा डोंगरीच्या बिऱ्हाडाने केलेलेच होते. म्हणजे पद्धत ओळखीची होती. फरक होता तो शिध्यात काय मिळते यात. मुंबईचे रेशन कितीही तुटपुंजे असले तरी तांदूळ हा त्याचा कणा होता. इस्रायलचे रेशन युरोपातून आलेल्या माणसाचा आहार डोळ्यांसमोर ठेवून आखलेले होते, आणि त्या आहाराचा कणा होता पाव. तांदूळ आयात करावा लागे, म्हणून तो दुर्मीळ झाला.

तांदळाची ओरड फक्त कोकणातल्या माणसाची नव्हती. इराक, इराण अशा देशांतून आलेल्या ज्यूंनाही भात हवाच होता. त्यावर उपाय म्हणून बेन-गुरियन यांच्या सूचनेवरून ‘ओसेम’ या कंपनीने गव्हाच्या पिठापासून तांदळाच्या आकाराचे दाणे तयार केले. त्यांचे नाव ‘प्तितिम’. लोक त्याला ‘बेन-गुरियनचा तांदूळ’ म्हणू लागले. आज हाच पदार्थ इस्रायलबाहेरच्या उपाहारगृहांत कौतुकाने खाल्ला जातो. पण ज्याने अलिबागच्या उकड्या तांदळाची पेज प्यायली आहे, त्याच्या ताटात गव्हाचा भात वाढला की त्याला काय वाटत असेल, याची कल्पना मराठी वाचकाला सहज करता येईल. आमटी त्यावर ओतता येते. पेज त्याची होत नाही.

काळ्या पावाचा प्रश्न

शिध्यातला पाव स्वस्त ठेवण्यासाठी सरकारने एकाच प्रकारचा, कोंडा न काढलेल्या पिठाचा पाव ठरवून दिला होता. त्याचा रंग काळपट. आरोग्याच्या दृष्टीने त्यात वावगे काही नव्हते. पण दुकानात एखादी वस्तू हातात पडते तेव्हा ती कोण देतो आणि काय म्हणून देतो, हेही तिच्याबरोबर येते.

1951च्या सुमारास बेरशेबातल्या बेने इस्रायलांनी गाऱ्हाणे मांडले, की आम्ही वर्णाने काळे म्हणून आम्हाला काळा पाव घ्यायला सांगतात. काम, घरे आणि वागणूक यांबद्दलच्या इतर तक्रारी त्यात मिसळल्या. तेल अवीवमध्ये धरणे धरले गेले आणि भारतात परत पाठवा अशी मागणी झाली. 1952 मध्ये शंभरावर माणसे खरोखरच परत आली. त्यांतल्या अनेकांनी पुढे पुन्हा इस्रायलची वाट धरली.

या प्रसंगाकडे दोन्ही बाजूंनी पाहिले पाहिजे. काळा पाव सर्वांसाठीच होता, हे खरे. पण ज्या समाजाने भारतात कधी ज्यू म्हणून हेटाळणी सोसली नव्हती, तो समाज हजारो मैलांवरून ‘आपल्या’ माणसांत आला होता. तिथे दुकानाच्या फळीवर रंगाचा उल्लेख ऐकू येणे ही भुकेपेक्षा मोठी जखम होती. पुढे 1960च्या दशकात धर्मपीठाने त्यांच्या विवाहांबाबत शंका उपस्थित केल्या आणि 1964 साली सरकारला त्यांच्या पूर्ण ज्यूपणाची ग्वाही द्यावी लागली. त्या मोठ्या लढ्याची पहिली ठिणगी पावाच्या दुकानात दिसते, असे मला वाटते.

नारळ का हवा?

तांदळाखालोखाल अडचण झाली ती नारळाची. ही केवळ चवीची बाब नव्हती. ज्यू आहारनियमांनुसार मांस आणि दुग्धजन्य पदार्थ एकत्र शिजवता किंवा खाता येत नाहीत. म्हणजे मटणाच्या रश्श्यात दही नाही, साय नाही, तूपही नाही. कोकणाने या नियमावर शतकानुशतके एक सोपा तोडगा दिला होता: नारळाचे दूध. रस्सा दाट होतो आणि नियमही मोडत नाही. कोकणातल्या ज्यू स्वयंपाकाची सगळी घडी या फळावर बसलेली होती.

इस्रायलमध्ये नारळाची लागवड नाही. संत्री, द्राक्षे, खजूर, डाळिंबे भरपूर. नारळ मात्र बाहेरून यायचा. मग सुक्या खोबऱ्याच्या किसावर भागवायचे. एलियाहू हन्नाबीच्या नावाने केल्या जाणाऱ्या मलिद्यातही हेच झाले. मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, सुका मेवा आणि फळे. फळांना आणि खजुराला तोटा नव्हता. पोहे आणि ओले खोबरे यांच्यासाठी मात्र मुंबईहून येणाऱ्या पाहुण्याच्या सामानाकडे डोळे लागत.

मापे, शब्द आणि शनिवार

1950 साली निघालेल्या गृहिणीच्या डोक्यात शेर, पायली, रत्तल आणि तोळा होते. भारतात किलोग्रॅम टप्प्याटप्प्याने आला तो 1958 पासून. म्हणजे माहेरच्या बाजारापेक्षा कितीतरी आधी तिला किलोचा हिशेब शिकावा लागला. आणे-पै जाऊन लिरा आणि प्रुता आले. एका लिऱ्याचे हजार प्रुता.

भाषेचे कोडे आणखी गमतीचे होते. प्रार्थनेपुरते हिब्रू अनेकांना येत होते. प्रार्थनेत भाकर आहे, द्राक्षारस आहे, झाडाचे फळ आहे. हळद आणि जिरे नाहीत. बाजारात हळदीला ‘कुर्कुम’, जिऱ्याला ‘कमून’, कोथिंबिरीला ‘कुसबरा’ आणि वेलचीला ‘हेल’ म्हणतात, हे कानांनी शिकावे लागले. काही शब्द मात्र भारताचाच पत्ता सांगत होते. चिंचेला तिथे ‘तमार हिंदी’ म्हणजे हिंदी खजूर म्हणतात. आणि तिथे सर्रास खाल्ल्या जाणाऱ्या टर्की पक्ष्याचे हिब्रू नाव आहे ‘होदू’. होदू म्हणजे भारत!

शनिवारचा अनुभव उलटा झाला. कोकणात बाजार चालू असे आणि यांचा घाणा तेवढा बंद. ते वेगळेपण हीच त्यांची ओळख होती. इस्रायलमध्ये शुक्रवारी दुपारनंतर बाजारच बंद होऊ लागतो, आणि शुक्रवार सकाळ म्हणजे पिशव्या घेऊन धावपळ. जे व्रत एकट्याने पाळायचे होते ते आता सार्वजनिक वेळापत्रक झाले.

शेजाऱ्याच्या टोपलीत

आता जे सापडले त्याकडे वळू. 1949-50 मध्ये येमेनमधले बहुसंख्य ज्यू विमानांनी इस्रायलला आणले गेले. त्यांच्या स्वयंपाकात मेथी दाणे होते. ते भिजवून, वाटून, फेसून ‘हिल्बे’ करतात. हिरवी मिरची, कोथिंबीर आणि लसूण वाटून केलेला ‘स्खुग’ होता, जो आपल्या ठेच्याचा सख्खा नसला तरी चुलत भाऊ शोभेल. हळद, जिरे, मिरी यांचा ‘हवायज’ नावाचा मसाला होता. इराकी ज्यूंच्या टोपलीत भेंडी होती, तिचे नाव ‘बामिया’. जे सरकारी शिध्यात नव्हते, ते दुसऱ्या स्थलांतरिताच्या टोपलीत मिळाले.

आणि इराकी दुकानात एक बरणी होती, तिचे नाव ‘अंबा’. कैरी, मेथी, हळद यांचे पिवळे, पातळसर लोणचे. हा शब्द मराठी ‘आंबा’च आहे. मुंबईत व्यापार करणाऱ्या बगदादी ज्यूंमार्फत हे लोणचे बसऱ्याला आणि बगदादला गेले, असे मानले जाते. तिथून ते इराकी ज्यूंबरोबर इस्रायलला पोचले. आज फलाफल आणि सबिखच्या गाडीवर विक्रेता ‘अंबा घालू का?’ असे विचारतो, तेव्हा तो नकळत एक मराठी शब्द उच्चारत असतो. मराठी माणसाच्या आधीच मराठी लोणचे वळसा घेऊन तिथे हजर होते.

मकोलेत ते महादुकान

तिथल्या गल्लीतल्या किराणा दुकानाला ‘मकोलेत’ म्हणतात. दुकानदार नावानिशी ओळखतो, वहीत उधारी मांडतो आणि महिनाअखेरीस वसूल करतो. आपल्या वाण्याच्या वहीची सवय असलेल्यांना ही पद्धत परकी वाटली नसावी. 1958 मध्ये तेल अवीवच्या बेन येहुदा रस्त्यावर ‘सुपरसोल’ हे पहिले महादुकान उघडले आणि फळीपलीकडचा माणूस हळूहळू नाहीसा होऊ लागला. आता विचारायचे नाही, वाचायचे.

हे वाचन आजही नव्याने जाणाऱ्या मराठी माणसाला, मग तो संशोधक असो की हिऱ्यांचा व्यापारी, शिकावेच लागते. पुड्यावर तीनपैकी एक शब्द असतो. ‘बसारी’ म्हणजे मांसयुक्त, ‘हलावी’ म्हणजे दुग्धजन्य आणि ‘पर्वे’ म्हणजे दोन्ही नसलेले. शाकाहारी माणसाला ‘पर्वे’ हा आपला हिरवा ठिपका वाटतो. तो तसा नाही. पर्वेमध्ये अंडे असू शकते आणि मासेही. ‘हलावी’त मांस नसते, पण मासा असू शकतो. उलट दूध न खाणाऱ्याला ‘पर्वे’ मोठा आधार आहे. नारळाचे दूध याच वर्गात येते.

रामला, लोद, अश्दोद, बेरशेबा, दिमोना या गावांत भारतीय वस्ती वाढली तशी मसाल्यांची, डाळींची आणि पोह्यांची दुकाने आली. 1992 साली दोन्ही देशांचे पूर्ण राजनैतिक संबंध जुळले आणि ये-जा सोपी झाली. आज तिथे पोहे मिळवायला पाहुण्याची वाट पाहावी लागत नाही.

या सगळ्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. दुकानात मिळणारी वस्तू बदलली तर माणूस जुळवून घेतो. सुके खोबरे चालवतो, गव्हाचे दाणेही भात म्हणून शिजवतो. त्याला सलते ते त्या वस्तूबरोबर मिळणारे स्थान. काळा पाव घेणारे परतीचे विमान मागतात आणि पोह्यांची टंचाई सोसणारे पाहुण्याची वाट पाहत राहतात, हा फरक खाण्याचा नाही. आपल्या गावांत आणि शहरांत बाहेरून आलेली कुटुंबे आज आपल्याच वाण्याच्या फळीपुढे उभी असतात. त्यांना तिथे काय मिळते आणि कोणत्या शब्दांबरोबर मिळते, हेही कुणीतरी नोंदवून ठेवायला हवे.