सीमा वाढली की कागद वाढतो

स्कॉटलंडचे भांडण भोर-वेल्ह्याच्या दुकानदारास कशाला, असे व्यापारी बंधू म्हणतील. आम्ही ते हिशेबासाठी सांगतो. १८ सप्टेंबर २०१४ च्या सार्वमतात स्कॉटलंडच्या सुमारे ५५ टक्के मतदारांनी ब्रिटनमध्येच राहणे पसंत केले. वेगळे झालो तर चलन कोणते, ही धास्ती मोठी होती. पुढे खुद्द ब्रिटनच युरोपीय संघातून बाहेर पडले. १ जानेवारी २०२१ पासून युरोपशी व्यापारात सीमाशुल्काचे कागद आले, तिकडून येणाऱ्या नव्या कामगारांना व्हिसा लागू लागला.

आपले भोरही मार्च १९४८ पर्यंत वेगळे संस्थान होते. ते विलीन झाले, पण राज्याराज्यांतील कराची भिंत पुढेही राहिली. लुधियानाहून शिलाई मशीनचे सुटे भाग आणले, तर केंद्रीय विक्रीकर अंगावर पडे. व्हॅटमधून त्याची वजावट होत नसे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि परराज्यातील खरेदीवरचा करही वजा होऊ लागला.

मात्र कंपोझिशन योजनेतील दुकानदारास ही वजावट नाही. तो परराज्यातून माल आणू शकतो, परराज्यात विकू शकत नाही. म्हणजे या योजनेतील भोरच्या चप्पल कारागिरास बेळगावची ऑर्डर आली, तर माल पाठवण्याआधी नेहमीच्या नोंदणीत यावे लागेल.