गाव कुठलं? : कंट्री आणि हिप-हॉप

आपल्या होस्टेलवर इंग्लिश गाणी ऐकणाऱ्यांचे सरळ दोन पक्ष आहेत. एकाला गिटार, हॅट आणि ट्रकवालं अमेरिकन कंट्री म्युझिक लागतं (हा पक्ष छोटा, आणि बहुतेक आम्ही कॉन्व्हेंटवाले!). दुसऱ्याच्या हातून रॅप लावल्याशिवाय असाइनमेंटची एक ओळ उतरत नाही. दोघांचं एकमेकांबद्दलचं मत इथे छापण्यासारखं नाही. मी दोन्ही ऐकते, म्हणून म्हटलं, जरा नीट समजावून सांगू.

आधी जन्मकथा. १९२७ साली राल्फ पीअर हा रेकॉर्डिंगवाला टेनेसी राज्यातल्या ब्रिस्टल गावी मशीन घेऊन गेला आणि आजूबाजूच्या डोंगराळ भागातल्या गायकांना बोलावलं. कार्टर फॅमिली आणि जिमी रॉजर्स हे कंट्रीचे पहिले मोठे स्टार तिथेच सापडले. हिप-हॉपची तर चक्क तारीख सांगतात : ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कचा ब्रॉन्क्स भाग. जमैकाहून आलेल्या डीजे कूल हर्कने त्या दिवशी बहिणीच्या पार्टीत रेकॉर्ड्स वाजवल्या. गाण्यात नुसते ड्रम्स वाजतात त्या तुकड्यावर पब्लिक जास्त नाचतं हे त्याने हेरलं. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर लावून तो तेवढाच तुकडा लांबवत न्यायचा.

मुख्य फरक इथेच आहे. कंट्रीत वाद्यं म्हणजे गिटार, बँजो, फिडल. यंत्राचं काम फक्त आवाज टिपायचं. हिप-हॉपने यंत्रालाच वाद्य केलं : टर्नटेबल, सॅम्पलर, १९८० साली आलेलं रोलंडचं टीआर-८०८ ड्रम मशीन. (इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनो, कॉलर ताठ करा!) शब्दांचंही तसंच. कंट्रीत शब्द थोडे, सूर लांब, आणि सगळ्यांना म्हणता येईल असा कोरस. रॅपमध्ये शब्द ठासून भरलेले, आणि यमक ओळीच्या शेवटीच नाही तर मध्येसुद्धा.

पण सांगायची गोष्ट मात्र एकच! आम्ही कुठून आलो, घरी काय हाल होते, आई कशी राबली. लोरेटा लिनने १९७० साली 'कोल मायनर्स डॉटर'मध्ये केंटकीतलं आपलं गरीब घर सांगितलं. नासने १९९४ च्या 'इलमॅटिक'मध्ये न्यूयॉर्कमधली आपली क्वीन्सब्रिज वसाहत सांगितली. जॉनी कॅशचं 'फॉल्सम प्रिझन ब्लूज' (१९५५) तर खून करून तुरुंगात बसलेल्या माणसाच्या तोंडचं आहे. कॅशने कुणाचा खून केला नव्हता, आणि कुणी तसं समजलंही नाही. कॉम्प्टनच्या एन.डब्ल्यू.ए.ने १९८८ साली रॅपमध्ये असंच 'मी' वापरून पोलिसांवर राग काढला, तेव्हा मात्र एफबीआयच्या अधिकाऱ्याने पुढच्या वर्षी रेकॉर्ड कंपनीला नाराजीचं पत्र धाडलं. गाण्यातला 'मी' कुणाला माफ आणि कुणाला नाही, बघा.

मग मध्ये भिंत आली कुठून? १९२० च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी याद्याच वेगळ्या केल्या : खेड्यातल्या गोऱ्यांसाठी 'हिलबिली', काळ्यांसाठी 'रेस रेकॉर्ड्स'. खरं तर बँजोचं मूळ आफ्रिकेत. गुलाम करून आणलेल्या लोकांनी तो अमेरिकेत बनवला. आणि कार्टर फॅमिलीच्या ए. पी. कार्टरबरोबर गावोगाव गाणी गोळा करत फिरणारा लेस्ली रिडल काळा होता. तरी २०१९ साली लिल नॅस एक्सचं 'ओल्ड टाउन रोड' हे बँजो आणि रॅपचं गाणं बिलबोर्डने कंट्रीच्या यादीतून काढून टाकलं. नंतर तेच गाणं त्यांच्या मुख्य यादीत १९ आठवडे पहिलं राहिलं!

मला वाटतं, दोन्हीकडे गायकाला एकच प्रश्न विचारतात : गाव कुठलं? होस्टेलवर पहिल्या दिवशी आपल्यालाही तोच विचारतात. बाबांच्या बदल्या आणि कॉन्व्हेंटची शाळा, त्यामुळे मला याचं धड उत्तर देता येत नाही. 'म्हणजे तू अस्सल मराठी नाहीस' असं हसत हसत ऐकून घ्यावं लागतं. म्हणून हा प्रश्न ओळख करून घ्यायला विचारलाय की दाराबाहेर ठेवायला, ते मला लगेच कळतं.

जॉन डेन्व्हरचंच घ्या. त्याचं 'कंट्री रोड्स' (१९७१) आम्ही शाळेत घसा फोडून म्हणायचो. १९७५ साली कंट्रीचा सर्वांत मोठा पुरस्कार त्याला मिळाला, तेव्हा नाव जाहीर करणाऱ्या चार्ली रिचने स्टेजवर तो कागद लायटरने पेटवला. कंट्रीवाल्या कितीतरी जणांना डेन्व्हर आपला वाटतच नव्हता. गाणं वेस्ट व्हर्जिनियाचं, पण सुचलं शेजारच्या मेरीलँडमधल्या एका रस्त्यावर. आणि तरीही २०१४ साली वेस्ट व्हर्जिनियाने ते आपलं अधिकृत राज्यगीत म्हणून स्वीकारलं.

तेव्हा पुढच्या वेळी स्पीकरवरून भांडण होईल, तेव्हा एक गाणं त्यांचं, एक आपलं, असं लावून बघा. शब्द मात्र नीट ऐका!