सेन्सर घेण्याआधी एक प्रश्न विचारा: आकडा आलाच नाही तर?

मेडिकल, डेअरी, आइस्क्रीम, कोल्ड स्टोरेज, यातला कुठलाही धंदा असेल तर "वायरलेस सेन्सर बसवा, घरबसल्या मोबाईलवर टेंपरेचर बघा" असं सांगणारा कोणीतरी तुमच्याकडे येऊन गेलाच असेल. डेमो मस्त असतो. काउंटरवर डबी ठेवली, ॲपमध्ये आकडा दिसला, झालं! पण संशोधक गेली वीस-पंचवीस वर्षं याच डबीशी झगडतायत. त्यांचे प्रश्न समजून घेतले, तर कोटेशन वाचताना तुमची नजर बरोबर जागी जाईल.

आधी दोन नावं

अनेक छोटे सेन्सर रेडिओवरून एकमेकांना आणि शेवटी एका मुख्य यंत्राला माहिती देतात, ते वायरलेस सेन्सर नेटवर्क. ती माहिती बघून कॉम्प्युटर स्वतःच कॉम्प्रेसर, पंप किंवा व्हॉल्व्ह चालू-बंद करू लागला, की ती झाली सायबर-फिजिकल सिस्टीम. पहिलीत आकडा चुकला तर नोंद चुकते. दुसरीत आकडा चुकला तर माल खराब होतो. हा फरक लक्षात ठेवा.

1. बॅटरीचं गणित

चांगला एए सेल साधारण 2500 मिलिअँपिअर-तासांचा असतो. अशा सेन्सरचा रेडिओ नुसता ऐकत बसला, तरी साधारण 20 मिलिअँपिअर खातो. भागाकार करा: 125 तास, म्हणजे जेमतेम पाच दिवस. म्हणून रेडिओला झोपवावं लागतं. तो फक्त 1 टक्का वेळ जागा राहिला तर कागदावर तोच सेल जवळपास दीड वर्ष पुरतो. पण झोपलेल्या सेन्सरला निरोप पोहोचत नाही. बॅटरी वाचवली की बातमी उशिरा येते, बातमी लवकर हवी तर बॅटरी लवकर जाते. "पाच वर्षं बॅटरी" असं कोणी म्हणालं, तर लगेच विचारा, "किती मिनिटांनी एक आकडा पाठवून?"

2. टेबलावर चालतं, शेतात अडतं

2005 च्या सुमारास नेदरलँड्समध्ये डेल्फ्टच्या संशोधकांनी बटाट्याच्या शेतात सुमारे शंभर सेन्सर लावले. तापमान आणि आर्द्रता मोजून करप्याचा अंदाज आधीच घ्यायचा, हा हेतू. झालं काय? सॉफ्टवेअर अपडेट सगळ्या नेटवर्कभर सतत फिरत राहिलं आणि चार दिवसांत बॅटऱ्या संपल्या. पुढे कळलं की एकेका सेन्सरच्या आसपास इतके शेजारी होते की सगळ्यांची नोंद त्याच्या मेमरीत मावतच नव्हती. शेवटी अपेक्षित माहितीपैकी सुमारे 2 टक्केच हातात आली. संशोधकांनी हे सगळं प्रामाणिकपणे लिहून प्रसिद्ध केलं, म्हणून आज आपल्याला शिकता येतं.

दुकानातही तेच. फ्रीझरचा पत्रा सिग्नल अडवतो, पाण्याने भरलेला माल तो शोषून घेतो आणि शेजाऱ्याचं वायफाय बऱ्याचदा त्याच 2.4 गिगाहर्ट्झवर असतं. म्हणून डेमो काउंटरवर नको. भरलेल्या फ्रीझरमध्ये, दार बंद करून, निदान आठवडाभर घ्या.

3. घड्याळं जुळत नाहीत

स्वस्त सेन्सरमधलं घड्याळ दहा लाख सेकंदांत 20 सेकंद मागे-पुढे होऊ शकतं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण दिवसाला पावणेदोन सेकंद होतात, महिन्याला जवळपास एक मिनिट. आधी लाईट गेली की आधी दार उघडं राहिलं, हे ठरवताना दोन सेन्सरच्या वेळा जुळल्या नाहीत तर दोष कोणाचा, यावर नुसती भांडणं होतात. सगळी घड्याळं जुळवत राहायची तर पुन्हा रेडिओ चालू ठेवावा लागतो, म्हणजे परत बॅटरी!

4. बाहेरचा माणूस आत

2000 साली ऑस्ट्रेलियातल्या मरूची भागात सांडपाण्याचे पंप रेडिओवरून चालायचे. यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीतल्या एका नाराज माजी कर्मचाऱ्याने रेडिओवरूनच खोटे आदेश पाठवले. सुमारे 8 लाख लिटर सांडपाणी बागांत आणि नद्यांमध्ये गेलं. कुलूप तुटलं नाही, भिंत फुटली नाही. छोट्या सेन्सरमध्ये भक्कम सुरक्षेसाठी लागणारी ताकद आणि बॅटरी कमी असते, म्हणून हा प्रश्न अजूनही जिवंत आहे. आपल्यापुरतं सांगायचं तर, सिस्टीम बसवणारा माणूस गेला की त्याच दिवशी पासवर्ड बदला.

5. सर्वात मोठा प्रश्न: गप्प बसलेला सेन्सर

बऱ्याच लसी 2 ते 8 अंशांत ठेवायच्या असतात. समजा रात्री दोन वाजता सेन्सर बंद पडला आणि ॲपवर शेवटचा आकडा "5 अंश" तसाच दिसत राहिला. तुम्ही निवांत झोपाल, आणि आत लस खराब होत असेल. आकडा न येणं हीसुद्धा एक बातमीच आहे, आणि सिस्टीमने ती तशीच ओरडून सांगायला हवी. कॉम्प्रेसर आपोआप चालत असेल तर माहिती तुटल्यावर त्याने काय करायचं, हे आधीच ठरलेलं हवं. वायरलेसवर भरवसा न ठेवता यंत्राचा स्वतःचा थर्मोस्टॅट चालू राहिला पाहिजे.

पैसे देण्याआधी हे विचारा

- किती मिनिटांनी आकडा येतो, आणि त्या हिशोबाने बॅटरी किती चालते?
- सिग्नल तुटला तर किती वेळात, कोणाला फोन जातो?
- नेट किंवा लाईट नसताना नोंद डबीतच साठते का?
- पासवर्ड कोणाकडे आहेत?
- सगळं बंद पडलं तर हाताने चालवता येतं का?

उत्तरं तोंडी नको, कोटेशनवर लिहून घ्या. आणि तोपर्यंत फ्रीझरवरचा साधा थर्मामीटर आणि नोंदवही काढून टाकू नका.