वालधुनीच्या काठचे हिरवे रसायन

अंबरनाथ म्हटले की शिलाहारकालीन शिवमंदिर आठवते, नाहीतर एमआयडीसी. याच गावात जांभूळ फाट्याजवळच्या एसआयसीईएस महाविद्यालयात नॅनोतंत्रज्ञानाचे एक संशोधन केंद्र उभे राहिले, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. डॉ. महेश्वर शरॉन आणि डॉ. माधुरी शरॉन यांच्यासोबत तिथल्या तरुण संशोधकांनी कारल्याच्या अर्काने सोन्याचे नॅनोकण बनवले. 2013 मध्ये शिंगाड्याच्या सालीपासून त्यांनी अतिनील प्रकाशात चमकणारे कार्बन डॉट्स, म्हणजे कार्बनचे नॅनोकण, केले. ते धातूचे नव्हेत, पण मला या मालिकेतले हेच काम सर्वांत मोलाचे वाटते, कारण कच्चा माल म्हणून इथे फेकून द्यायची साल वापरली आहे.

या वाटेवर महाराष्ट्र आधीपासून होता. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री यांच्या गटाने 2003 ते 2006 या काळात जिरॅनियम, कडुनिंब, गवती चहा आणि कोरफड यांच्या अर्कांनी सोन्याचांदीचे नॅनोकण घडवले. गवती चहाने तर सोन्याचे चपटे त्रिकोण दिले.

प्रयोग दिसायला साधा असतो. पाने धुऊन पाण्यात उकळायची, अर्क गाळून सिल्व्हर नायट्रेटच्या पातळ द्रावणात घालायचा. हळूहळू द्रावण पिवळे, मग तपकिरी होते. अर्कातील पॉलिफेनॉलसारखी द्रव्ये चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतात, म्हणजे त्यांचे क्षपण करतात. अर्कातलीच प्रथिने आणि इतर रेणू तयार कणांवर थर धरतात आणि त्यांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. एरवी क्षपणासाठी बऱ्याचदा सोडियम बोरोहायड्राइड किंवा हायड्रॅझिनसारखी घातक रसायने वापरली जातात. ती इथे टळतात. हा फायदा खरा आहे.

पण घातक रसायनाच्या जागी अर्क आला तरी सिल्व्हर नायट्रेट तेच राहते. चांदी जंतू मारते म्हणून तिचे नॅनोकण हवेसे वाटतात. नदीत गेली की हीच चांदी पाण्यातल्या उपयोगी सूक्ष्मजीवांनाही मारते. शिवाय पावसाळ्यात खुडलेल्या पानातली द्रव्ये उन्हाळ्यातल्या पानासारखी नसतात, त्यामुळे कणांचा आकार दर खेपेला बदलू शकतो. कारखान्याला असा माल चालत नाही.

अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या पट्ट्यात ही चर्चा पुस्तकी राहूच शकत नाही. नोव्हेंबर 2014 मध्ये वालधुनी नदीच्या पात्रात टँकरमधून रसायन ओतले गेले, वायू पसरला आणि उल्हासनगरमधल्या शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. ज्या गावांनी हे भोगले, तिथे एखादी पद्धत हिरवी आहे की नाही हे तिचे सांडपाणी पाहूनच ठरवले पाहिजे. प्रबंधात कणांचा आकार आणि जंतू न वाढलेल्या जागेची वर्तुळे आवर्जून छापली जातात. कण वेगळे काढल्यावर उरलेल्या पाण्यात चांदी किती राहिली, हा आकडाही त्यांच्या शेजारी छापला पाहिजे. तो काढायला अणुशोषण वर्णपटमापी पुरतो. एमएस्सीच्या विद्यार्थ्यांनी अशा अर्कांवर काम करताना हे मोजमाप पहिल्याच सत्रात करावे, आणि ते पाणी मोरीत न ओतता त्यातली चांदी परत काढून घ्यावी.