कोयता निघण्याआधी लेकराच्या शाळेचं बघू

दसरा झाला की आपल्या गावातून गाड्या भरून निघतात. उचल घेतलेली असते, मुकादमाचे फोनवर फोन सुरू असतात. घरातल्या एका लेकराचं काय करायचं, हे मात्र शेवटच्या रात्रीपर्यंत ठरत नाही. जे बोलत नाही, चालत नाही किंवा ज्याला उशिरा समजतं, ते लेकरू. त्याच्या भावंडांची नावं हंगामी वसतिगृहाच्या यादीत जातात, याचं कुणी घालत नाही. मग ते फडावर जातं. आमच्या गटातल्या एका ताईनं सांगितलं, "पहाटे तोडीला जाताना कोपीत दोरीनं बांधून जायचे. पाण्याकडं जाईल म्हणून." तिला बोल लावायला माझी जीभ रेटली नाही.

विशेष शिक्षण म्हटलं की आपल्याला शहरातली मोठी शाळा आठवते. तशा शाळा आहेतच, मुंबईची जय वकील शाळा तर १९४४ पासूनची. पण आपल्या वस्तीवरचं पोरगं तिथं कसं पोचणार? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार धरलेत. चाळीस टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, तोही जवळच्या शाळेत किंवा हवं तर विशेष शाळेत. म्हणजे गावातल्या शाळेनं "आमच्याकडं जमणार नाही" म्हणून परत पाठवायचं नाही. आणि प्रमाणपत्र हातात नाही म्हणूनही सहा ते चौदा वयाच्या लेकराचा प्रवेश अडत नाही.

समग्र शिक्षा योजनेत तालुक्याच्या गटसाधन केंद्राकडून विशेष शिक्षक शाळेत येतात. मूल घराबाहेर पडूच शकत नसेल तर घरी येऊन शिकवायचीही सोय आहे. अडचण माणसांची आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये प्राथमिकला दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक, वरच्या वर्गांना पंधरांमागे एक, असं प्रमाण धरायला सांगितलं. आपल्याकडं एकाच शिक्षकाला कितीतरी गावं फिरावी लागतात, हे तुम्ही बघताच.

म्हणून त्या शिक्षकांकडून एक गोष्ट हट्टानं मागायची, ती म्हणजे मुलाचा वैयक्तिक आराखडा. नाव मोठं आहे, काम साधं. पुढच्या तीन महिन्यांत हे मूल काय शिकणार, ते दोन-तीन ओळींत लिहायचं. शर्टाची गुंडी लावणं. तहान लागली की पाण्याच्या चित्रावर बोट ठेवणं. भाकरी वाढताना एक, दोन, तीन मोजणं. सगळं घरात जे रोज घडतं त्यातलंच, कारण सरावाला मास्तर नसतात, आई असते नाहीतर आजी. गुंडीचंच घ्या. आधी मोठं काज, मोठी गुंडी. शेवटचं ओढणं फक्त मुलानं करायचं, बाकी आपण. ते जमलं की एक पायरी मागं यायचं. घाईत आपणच सगळी बटणं लावून देतो, तिथंच शिकणं थांबतं.

लेकरू आजीजवळ राहणार असेल तर हा कागद आजीला समजावून द्या, आणि वसतिगृहाच्या यादीत त्याचं नाव आहे का, शाळा व्यवस्थापन समितीला विचारा. सोबत येणार असेल तर शाळेकडून शिक्षण हमी कार्ड घ्या आणि आराखडा त्यालाच टाचा. कारखान्याजवळच्या शाळेत हे दाखवलं की पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डाचं काम मात्र पावसाळ्यातच उरका. अर्ज ऑनलाइन, तपासणी बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयाच्या रुग्णालयात. दिव्यांग मुलींना समग्र शिक्षातून महिन्याला २०० रुपये विद्यावेतन आहे, मुख्याध्यापकांना विचारा.

पुढच्या बैठकीत बचतीच्या वहीमागं एक पान ठेवू. गावातल्या अशा प्रत्येक लेकराचं नाव, वय, आणि यंदा आई-बाप कोणत्या कारखान्याला जाणार, एवढंच. तेच पान सचिवताईंनी गटसाधन केंद्रात नेऊन द्यायचं आणि पोच घ्यायची.