विजयादशमीचे वाहन : शक्ती किती असावी?

नव्या वाहनास झेंडूची माळ घालून प्रथम कार्ल्याच्या एकवीरेच्या पायथ्याशी न्यावे, अशी मावळातील कितीतरी कुटुंबांची इच्छा असते. अलीकडे तरुणांचे मन ठेंगण्या, ऐसपैस आसनाच्या ‘क्रूझर’ मोटारसायकलीवर जडते आणि घरात वाद रंगतो : इंजिन ३५० सीसीचे की ६५०चे?

रॉयल एनफिल्डची ‘मीटिऑर ३५०’ सुमारे २० अश्वशक्तीची, वजन १९१ किलो. ‘सुपर मीटिऑर ६५०’ सुमारे ४६ अश्वशक्तीची, वजन २४१ किलो. लोणावळ्याच्या गर्दीत, ओल्या उतारावर गाडी पायांनी मागे रेटावी लागली, की हे वाढीव पन्नास किलो जाणवतात. शिवाय द्रुतगती मार्गावर दुचाकीस मज्जाव असल्याने आपली वाट जुन्या महामार्गाचीच; तेथे भरधाव वेगास वाव कोठला? २२ सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर १८ टक्के, तर त्यापुढील गाड्यांवर ४० टक्के कर लागू झाला, हेही ध्यानी घ्यावे.

दूरच्या प्रवासाचा नित्य परिपाठ असणाऱ्याने मोठे इंजिन अवश्य घ्यावे. परंतु मागे वृद्ध माता बसणार असेल, तर आम्ही लहान इंजिनाच्याच बाजूने कौल देऊ. दर्शनास निघालेली माउली सुखरूप घरी परतावी, हीच निवडीची खरी कसोटी होय.