रक्तासकट आणलेली कातडी

नडगीवरून बोट फिरवलं की कातडीखाली लगेच हाड लागतं. दुचाकी घसरली किंवा डंपरचं चाक पायावरून गेलं, की ही पातळ कातडी फाटते आणि हाड उघडं पडतं. घोडबंदर रस्त्यावरून किंवा शीळफाट्याकडून असा जखमी इस्पितळात आला, की नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, ‘रॉड कधी टाकणार?’ हाड रॉडनं किंवा बाहेरून लावलेल्या फिक्सेटरनं धरून ठेवता येतं. पण त्यावर जिवंत आवरण आलं नाही, तर ते सुकतं, त्यात जंतू शिरतात आणि वाचू शकणारा पाय काही महिन्यांनी कापायची वेळ येते.

मांडीची कातडी काढून लावली तर? हा ग्राफ्ट. पातळ सोलून काढलेल्या या कातडीला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. जखमेच्या तळातून रक्त मिळालं तरच ती जगते. मांसावर ती छान धरते. हाडावरचं नाजूक वेष्टनच निघून गेलं असेल, तर मात्र तिथे तिला काहीच मिळत नाही. अशा जागी फ्लॅप लागतो: कातडी, चरबी, गरज पडली तर स्नायू आणि या सगळ्याला पोसणारी रक्तवाहिनी, असा जिता भाग आणून बसवायचा.

या विद्येचं महाराष्ट्राशी नातं जुनं आहे. टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या कावसजी नावाच्या मराठा गाडीवानावर पुण्याजवळ झालेल्या शस्त्रक्रियेची हकिकत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर 1794 मध्ये छापून आली. वैद्यानं कपाळाची कातडी सोडवून खाली वळवली, पण एका अरुंद पट्टीनं ती मूळ जागेला जोडलेलीच ठेवली. त्या पट्टीतून रक्त येत राहिलं. पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातले डॉ. नोशीर अंतिया आणि त्यांचे सहकारी डॉ. बुच यांनी ही पट्टीही तोडली. पोटावरचा चरबीचा तुकडा चेहऱ्यावर नेऊन त्याच्या रक्तवाहिन्या तिथल्या रक्तवाहिन्यांना थेट जोडल्याचा त्यांचा लेख ब्रिटनच्या प्लास्टिक सर्जरीच्या नियतकालिकात 1971 मध्ये आला. अपघातात जखमी झालेल्या घोट्यावर मेलबर्नच्या डॅनियल आणि टेलर यांनी जांघेतली कातडी अशीच जोडली, त्याचा अहवाल 1973 चा. मुंबईच्या या कामाचा उल्लेख आपल्याकडे फार कमी होतो, याची खंत वाटते.

पायाची जखम कुठे आहे, यावर बरंच ठरतं. गुडघ्याखालच्या भागासाठी पोटरीचा स्नायू वळवता येतो, मधल्या भागासाठी त्याच्या खालचा सोलिअस. घोट्याजवळ स्नायू संपतात. तिथे पोटरीमागची कातडी उलटी फिरवून आणतात किंवा मांडीचा, पाठीचा तुकडा पूर्ण सोडवून सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. त्या रक्तवाहिन्या दोन-तीन मिलिमीटरच्या आणि टाक्यांचा धागा केसाहून बारीक.

वागळे इस्टेट, डोंबिवली एमआयडीसी, अंबरनाथ या पट्ट्यात प्रेस मशीनखाली हात सापडतो, तेव्हा आजही जुना, भरवशाचा ग्रॉइन फ्लॅप कामी येतो. ग्लासगोच्या मॅकग्रेगर आणि जॅक्सन यांनी तो 1972 मध्ये मांडला. जांघेतली कातडी एका बाजूनं जोडलेली ठेवून हाताच्या जखमेवर शिवतात, म्हणजे हातच जांघेला जोडला जातो. साधारण तीन आठवडे माणूस तसाच राहतो. जेवण, अंघोळ, कपडे, सगळ्याला दुसऱ्याचा हात लागतो. खांदा आखडतो, झोप लागत नाही. तेवढ्या दिवसांत हाताकडून नव्या रक्तवाहिन्या कातडीत शिरतात आणि मग जांघेकडचा दुवा कापतात. शस्त्रक्रिया सर्जन करतात, पण हे तीन आठवडे घरची माणसं निभावतात. त्यांचं नाव कुठल्याच केसपेपरवर नसतं.

पूर्ण सोडवून जोडलेला फ्लॅप असेल, तर पहिले दोन-तीन दिवस नर्स तासातासाला त्याच्यावर बोट दाबून पाहते. पांढरा पडला तर रक्त आत येत नाही, निळसर झाला तर बाहेर जात नाही. दोन्ही वेळा रुग्णाला तातडीनं परत ऑपरेशन थिएटरमध्ये न्यावं लागतं. तंबाखू, मिश्री, विडी पूर्ण बंद, कारण निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात. उशीखाली लपवलेली पुडी फ्लॅप घालवू शकते.

आणि घाई हवी ती जखम झाकण्याची. ल्युब्लियानाच्या मार्को गोडिना यांनी 532 रुग्णांचा हिशेब 1986 मध्ये मांडला. जखम 72 तासांच्या आत झाकली, तेव्हा फ्लॅप फसण्याचं प्रमाण 0.75 टक्के होतं. त्यानंतर तीन महिन्यांपर्यंत थांबलेल्यांत 12 टक्के. ही घाई आपल्याकडे कधीही लागू शकते. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याच्या वळणावर लोकलच्या दारातून प्रवासी रुळांवर पडले, तेव्हा जखमींना कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात नेलं गेलं. लोकलवर जगणाऱ्या या पट्ट्यात हाडाचा डॉक्टर आणि प्लास्टिक सर्जन पहिल्याच दिवशी एकत्र जखम पाहतील, अशी व्यवस्था प्रत्येक मोठ्या इस्पितळात असायला हवी. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत प्लास्टिक सर्जरीचा समावेश आहे. नातेवाइकांनी दाखल होतानाच त्याची चौकशी करावी.

फ्लॅप धरल्यावरही काम उरतं. घोट्यावर आलेली मांडीची कातडी जाड असते, बूट चढत नाही. काही महिन्यांनी आतली चरबी काढून ती पातळ करावी लागते. शिवाय तिला संवेदना कमी असते. चपलेचा पट्टा घासला किंवा गाडीचा सायलेन्सर लागला, तरी कळत नाही, म्हणून रोज रात्री पाय डोळ्यांनी तपासायला शिकवतात.